कालनिर्णयाच्या चौकटीतला २०१६ चा मोटो-थ्री सीझन (जुने रेसवाले आहेत का इथे?)

डबल_क्लच

मंडळी, रविवारी आईच्या आदेशावरून माळा साफ करायला चढलो होतो. पितळी घंगाळाच्या मागे जुन्या कालनिर्णयांचं भेंडोळं सापडलं, आई एकही टाकत नाही कारण मागच्या पानांवर रेसिप्या असतात. त्यात २०१६ चं निघालं. उघडून बघतो तर आईच्या दुधाच्या हिशेबाच्या शेजारी लाल पेनाने माझं अक्षर. त्या वर्षी मी मोटो-थ्रीच्या प्रत्येक रेसचा निकाल त्या त्या रविवारच्या चौकटीत लिहून ठेवला होता, साफ विसरलो होतो. २४ एप्रिलच्या चौकटीत आईचं "गॅस लावला" आणि त्याखाली माझं "बाइंडर ३५ → १ !!!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटोजीपी म्हणजे मोटारसायकल रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप, तिची प्रत्येक फेरी म्हणजे एक ग्रां प्री. त्या दिवशी तीन रेस होतात, मोटोजीपी, मोटो-टू आणि सगळ्यात धाकटी मोटो-थ्री. २५० सीसी, एकच सिलिंडर, फोर स्ट्रोक, पोरं सोळा-सतरा वर्षांपासूनची (तेव्हा, आता वयाची अट अठराची केलीय). २०११ पर्यंत तिथे १२५ सीसी टू-स्ट्रोक धावायच्या, २०१२ पासून ही. आणि माझं स्पष्ट मत असं की मोठी मोटोजीपी बघण्यापेक्षा हीच बघावी, कारण इथे पंधरा जण एकमेकांच्या कोपराला कोपर लावून शेवटच्या लॅपपर्यंत येतात आणि कोण जिंकणार ते देवालाही ठाऊक नसतं.

तर तो २४ एप्रिल. हेरेझ, स्पेन. ब्रॅड बाइंडर, साउथ आफ्रिकेचा, केटीएम आजो टीम. त्याच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) चुकीचं सॉफ्टवेअर सापडलं म्हणून त्याला ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगांत) सगळ्यात मागे ढकलला, पस्तिसावा. आमच्याकडे त्या दिवशी सीझनचा पहिला आमरस. आपल्याकडे दुपारी अडीचला रेस, सगळे जेवून आडवे, बाबा घोरतायत, मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलेलो, बोटांना आमरसाचा वास तसाच. आणि हा माणूस एकेक करत पुढे येतोय, मला वाटलं टॉप टेनमध्ये आला तरी पुष्कळ, मग घोळक्याच्या शेपटीला लागला, मग घोळक्यात शिरला, मग पुढे, आणि मग चक्क सगळ्यांना सोडून निघून गेला. मी ओरडलो. बाबा दचकून उठले, "कोण गेलं?" म्हणाले. बुलेगा दुसरा, बान्याया तिसरा. आणि बाइंडरचा तो आयुष्यातला पहिला ग्रां प्री विजय, शेवटून सुरू करून!

बाकीच्या चौकटी टाकतो हळूहळू. कोणाला आठवतंय का हे वर्ष?

भांडुपचा_वाघ

आठवतंय म्हणजे काय. कतारला पहिल्या रेसमध्ये हाच बाइंडर ०.००७ सेकंदांनी हरला होता अँटोनेल्लीकडून. शून्य दशांश शून्य शून्य सात. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या कित्येक पट वेळ लागतो. धागा बुकमार्क केला आहे, दादा लिहीत राहा.

मेथीची_जुडी

मला गाड्यांतलं शष्प कळत नाही पण "कोण गेलं?" वर ऑफिसात जोरात हसले आणि सगळ्यांनी वळून बघितलं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

डबल_क्लच

धन्यवाद मेथीताई. हे घ्या मग.

३ एप्रिल, अर्जेंटिना: "पावी!! पाऊस". खैरूल इधाम पावी, मलेशियाचा, सतरा वर्षांचा पोरगा, आयुष्यातली दुसरी ग्रां प्री. ओल्या ट्रॅकवर सव्वीस सेकंदांनी जिंकला. ज्या क्लासमध्ये हजारांश सेकंदांनी निकाल लागतात तिथे सव्वीस सेकंद! त्याच्या टीमने पिटबोर्डवर (ट्रॅकच्या कडेला रायडरला दाखवतात ती पाटी) थंड घे थंड घे केलं असेल तरी हा आपला सुसाट. मलेशियाचा ग्रां प्री जिंकणारा पहिला माणूस. जुलैत जर्मनीत पुन्हा पाऊस, पुन्हा पावी. कोरड्यात मात्र त्याला ते जमलं नाही.

५ जून, बार्सिलोना: माझ्या चौकटीत नुसतं "सालोम" लिहिलंय, विजेत्याचं नावच नाही. लुईस सालोम शुक्रवारी मोटो-टूच्या प्रॅक्टिसमध्ये अपघातात गेला. २०१३ मध्ये हाच मोटो-थ्रीत सात रेस जिंकला होता आणि शेवटच्या रेसला विन्यालेस, रिन्स आणि हा असे तिघं चॅम्पियनशिपसाठी लढत होते. त्या रविवारी मोटो-थ्री होर्खे नावार्रो जिंकला, त्याचा पहिला विजय, पण आनंद करायचं वातावरणच नव्हतं.

२६ जून, आसेन: इथे आईचं "कामवाली नाही" आणि माझं मोठ्या अक्षरात "महिंद्रा". याच्यावर वेगळं लिहितो.

सायलेन्सर_काढलेला

महिंद्रा? आपली? जीपवाली?

डबल_क्लच

होय, वरळीच्या महिंद्रा टॉवर्समधली. मुंबईत निम्म्या लोकांना हे माहीतच नाही, माझा मुद्दाच तो आहे. २०११ मध्ये १२५ सीसीच्या शेवटच्या वर्षी उतरले आणि त्या क्लासच्या शेवटच्याच रेसला, व्हॅलेन्सियाला, डॅनी वेबने महिंद्रावर पोल (ग्रिडवरची पहिली जागा) मारली. २०१२ मोटो-थ्रीत अगदी वाईट गेलं. मग २०१३ ला स्विस सुटर कंपनीबरोबर नवी गाडी केली, त्या वर्षी सेपांगला मिगेल ओलिवेराने पहिलं पोडियम (पहिल्या तिघांत जागा) दिलं. आणि २०१६ ला आसेनला फ्रान्चेस्को बान्याया, ज्याला सगळे पेको म्हणतात तो, महिंद्राला पहिला विजय. कोण्या भारतीय कंपनीच्या गाडीने वर्ल्ड चॅम्पियनशिपची ग्रां प्री जिंकायची ही पहिली वेळ.

त्या दुपारी दादरला धो धो पाऊस. शेवटच्या दोन लॅप राहिलेल्या आणि आमच्या डिशवर "सिग्नल उपलब्ध नाही". मी गॅलरीत जाऊन छत्रीच्या दांड्याने डिश हलवतोय, बायको आतून "आलं... गेलं... आलं" असं सांगतेय. चित्र आलं तेव्हा बान्याया हेल्मेट काढत होता. म्हणजे भारताचा पहिला विजय मी बघितलाच नाही, छत्री बघितली.

चौथा_गिअर

हाहाहा. "छत्री बघितली". दादा, आमच्या सोसायटीत केबल होती, मी बघितली आहे शेवटपर्यंत, घोळकाच होता, काही शतांश सेकंदांत मिटलं.

नवीन लोकांसाठी एक सांगतो, हे असे घोळके का होतात. मोटो-थ्रीच्या गाडीत ताकद कमी, साधारण ५५-६० हॉर्सपॉवर. वेग मात्र लांब सरळ रस्त्यावर २४० च्या आसपास. एवढ्या वेगात सगळी ताकद हवा फाडण्यात जाते. पुढचा हवा फाडतो, मागचा त्याच्या सावलीत फुकट बसतो आणि ऐन वेळी बाहेर निघून पुढे जातो. तुम्ही ईस्टर्न एक्सप्रेसवर बेस्टच्या बसमागे सायकल लावली असेल तर कळेल (लावू नका). मुजेल्लोचा सरळ पट्टा किलोमीटरहून लांब आहे, तिथे शेवटच्या लॅपला पहिला असणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिला बसणं, तुम्हीच सगळ्यात आधी उठता. २२ मेला तिथे बाइंडर जिंकला, दि जियानांतोनियो दुसरा, बान्याया तिसरा, तिघांत पापणीएवढं अंतर.

म्हणूनच क्वालिफाइंगला (ग्रिडवरची जागा ठरवणाऱ्या फेरीला) ती पोरं ट्रॅकवर रेंगाळत बसतात, कोणीतरी पुढे जाऊन हवा फाडून देईल म्हणून. दरवर्षी दंड होतात, दरवर्षी तेच.

सायलेन्सर_काढलेला

ते सगळं ठीक आहे पण महिंद्राला "आपली" म्हणायचं कारण कळलं नाही. कारखाना इटलीत, बेसोत्सोला. इंजिनिअर युरोपातले. रायडर इटालियन, स्पॅनिश. टीम चालवणारा आस्पार स्पॅनिश. यात भारताचं काय, नुसता पैशांचा चेक?

भांडुपचा_वाघ

आला बघा, वाटच बघत होतो. मग फेरारीत जर्मन ड्रायव्हर होता तेव्हा ती जर्मन झाली का?

सायलेन्सर_काढलेला

फेरारी मारानेल्लोत बनते ना. ही कांदिवलीत बनत होती का? मुद्दा तोच आहे. बनवता येत नाही म्हणून विकत घेतली आणि रंग दिला.

कुर्ला_ते_ठाणे

धाग्याचं काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_टर्नर

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असतो, लिहीत नाही, टायपिंगला वेळ लागतो. लालबागला एका वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं लेथवर होतो, गाड्यांच्या सिलिंडरचं बोअरिंग पुष्कळ केलं. वादात पडत नाही, पण ही गाडी म्हणजे काय चीज आहे ते माझ्या पद्धतीने सांगतो.

मुलाने मला मागे नियम वाचून दाखवले होते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, जास्तीत जास्त ८१ मिमी. आता २५० सीसी आणि ८१ चा बोअर म्हणजे स्ट्रोक, पिस्टनची वर-खाली धाव, हिशेबाने साधारण ४८ मिमी येतो. म्हणजे पिस्टन रुंद आणि बुटका, वाटीच्या झाकणासारखा. आणि इंजिनला मर्यादा मिनिटाला १३,५०० फेऱ्यांची. साठने भागा, सेकंदाला २२५. म्हणजे तुम्ही "एक" म्हणेपर्यंत तो पिस्टन २२५ वेळा वर जाऊन खाली आला, आणि प्रत्येक वेळी वर थांबला, खाली थांबला. आम्ही ज्या गाड्यांचं काम करायचो त्या पाच-सहा हजारांवर बोंबलायच्या. हे असं इंजिन तासभर न फुटता चालवणं, हे जमणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कोणी का बनवेना, पैसा लावून, पाच-सहा वर्षं मार खाऊन, होंडा आणि केटीएमच्या पुढे एकदा जाणं ही साधी गोष्ट नाही. रंग देऊन हे होत नसतं हो. मी रंगवलेली इंजिनं पण बघितली आहेत.

मेथीची_जुडी

टर्नरकाका, तुम्ही लिहीत जा. "वाटीच्या झाकणासारखा" वाचून मला पहिल्यांदा पिस्टन दिसला.

सायलेन्सर_काढलेला

काका, मान्य. मागे घेत नाही पण आवाज कमी करतो.

चौथा_गिअर

आयडी बदला मग.

डबल_क्लच

काका, साष्टांग. तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढला असं आता म्हणतो.

पुढच्या चौकटी. २१ ऑगस्ट, बर्नो, चेक रिपब्लिक. ओला ट्रॅक. पहिला जॉन मॅकफी, प्यूजोवर. दुसरा होर्खे मार्टिन, महिंद्रावर. आता गंमत बघा, प्यूजोची ती गाडी म्हणजे महिंद्राचीच, फक्त नाव वेगळं, कारण महिंद्राने २०१५ ला प्यूजोच्या स्कूटर कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला होता. म्हणजे पहिला आणि दुसरा दोन्ही आपलेच. पण त्या दिवशी भारतात कोणाला पडलीय, दोनच दिवस आधी सिंधूने रिओत सिल्व्हर आणलेलं, सगळे टीव्ही तिच्याच मागे, आणि बरोबरच होतं ते. माझ्या चौकटीतही वर "सिंधू" आणि खाली बारीक अक्षरात "१-२".

४ सप्टेंबर, सिल्व्हरस्टोन, हरतालिका, दुसऱ्या दिवशी गणपती. बाइंडर. मी मखराला थर्माकोल कापत होतो तेव्हा (तेव्हा चालायचा) आणि टीव्हीकडे बघता बघता मूषकाचा कान कापला. ११ सप्टेंबर, मिसानो, पुन्हा बाइंडर. २५ सप्टेंबर आरागॉन, नावार्रो पहिला, बाइंडर दुसरा आणि चॅम्पियन. चार रेस शिल्लक असताना. साउथ आफ्रिकेचा आधीचा चॅम्पियन जॉन एकेरोल्ड, १९८० ला, ३५० सीसीत. शेवटी पॉइंट बाइंडरचे ३१९ आणि दुसऱ्या बास्तियानिनीचे १७७. एवढा फरक या क्लासमध्ये म्हणजे अन्याय आहे.

आणि ३० ऑक्टोबर, सेपांग. लक्ष्मीपूजन!

भांडुपचा_वाघ

ओह हो हो हो. बान्यायाचा दुसरा.

डबल_क्लच

तोच. सकाळची रेस, आम्ही फराळाचं ताट घेऊन बसलेलो. पुढचे बरेच जण आडवे झाले, बान्याया मात्र सरळ चकलीसारखा, म्हणजे चकली सरळ नसते, शंकरपाळ्यासारखा म्हणा. लक्ष्मीपूजनाला आपली गाडी जिंकली म्हणून मी संध्याकाळी पूजेत माझ्या जुन्या स्प्लेंडरची किल्ली ठेवली. आई म्हणाली ही कुठे महिंद्राची आहे. म्हटलं लक्ष्मीला कंपनी कळत नाही.

आस्पारने बान्यायाला कबूल केलं होतं की जिंकलास तर मोटोजीपीची डुकाटी चालवायला देईन, आणि व्हॅलेन्सियाला सीझन संपल्यावर दिली पण.

शेवटची चौकट १३ नोव्हेंबर, व्हॅलेन्सिया, बाइंडरचा सातवा विजय. वरती आईच्या अक्षरात "बँक चालू आहे, पासबुक नेणे". नोटबंदीचा पहिला रविवार, बँका उघड्या ठेवलेल्या. बाबा सकाळी सातपासून लाइनीत, दुपारी मी त्यांना सोडवायला गेलो, रेस मोबाइलवर तुकड्यातुकड्यात बघितली, माझ्या मागचे आजोबा खांद्यावरून डोकावून विचारत होते, "यातला तुमचा कुठला?"

कुर्ला_ते_ठाणे

पॉपकॉर्न संपले आणि डोळ्यात पाणी, हे काय चाललंय.

बरं आता एक मोठी गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून मी लिहितो. २०१६ च्या त्या मोटो-थ्री ग्रिडवर लेपर्ड टीममध्ये दोन पोरं होती, जोआन मिर आणि फाबिओ क्वार्टारारो. आणि आस्पार महिंद्रामध्ये दोन, बान्याया आणि मार्टिन. आता मोटोजीपीचे चॅम्पियन बघा. २०२० मिर. २०२१ क्वार्टारारो. २०२२ आणि २०२३ बान्याया. २०२४ मार्टिन. दोन गॅरेज, चार पोरं, पाच टायटल. म्हणजे त्या वर्षी वरळीच्या कंपनीच्या गाड्यांवर पुढचे दोन वर्ल्ड चॅम्पियन बसलेले होते आणि वरळीत कोणाला विचारलं असतं तर कोण बान्याया, बनियान का, म्हणाले असते.

आणि ज्याने त्या सगळ्यांना त्या वर्षी धुतलं तो बाइंडर, त्याने केटीएमला मोटोजीपीतला पहिला विजय दिला २०२० ला, पण टायटल नाही. नशीब.

चौथा_गिअर

+१००. शिवाय २०२३ ला बुद्ध सर्किटला भारतातली पहिली मोटोजीपी झाली, मी गेलो होतो, बॉम्बे सेंट्रलहून राजधानीने. ऊन असं की हेल्मेटमध्ये अंडं उकडेल. मोटो-थ्री माझ्या समोर जाउमे मासिया जिंकला, तोच त्या वर्षीचा चॅम्पियन. मोटोजीपी बेत्सेक्की जिंकला, मार्टिन दुसरा, क्वार्टारारो तिसरा, बान्याया पडला. आता बेत्सेक्कीचं मोटो-थ्रीतलं पहिलं पोडियम कुठल्या गाडीवर? २०१७, मोतेगी, महिंद्रा. मी स्टँडमध्ये शेजारच्या पंजाबी मुलाला हे सांगितलं, तो म्हणाला "भाई, स्कॉर्पिओवाली?" म्हटलं हो, स्कॉर्पिओवालीच.

सायलेन्सर_काढलेला

पण मग सोडलं कशाला? २०१७ च्या शेवटी बंद केलं ना. तिथे माझा मुद्दा परत येतो. फॉर्म्युला ई ला (विजेवरच्या कारच्या रेसला) पैसा नेला.

डबल_क्लच

हो, २०१७ ला गाडी मागे पडली आणि बंद केलं. वाईट वाटलं. पण तुझा मुद्दा मला उलटा दिसतो. गाडी इटलीत बनली याचं दुःख नाही, त्या सात वर्षांत आपला एक पोरगा त्या गाडीवर बसून मोठा झाला नाही याचं आहे. पावी बघ, मलेशियाचा. तो काय आकाशातून पडला? त्यांच्याकडे सेपांग आहे, लहान पोरांच्या मालिका आहेत.

निवृत्त_टर्नर

आमच्या बहिणीचा नातू डोंबिवलीचा, एकोणीस वर्षांचा, होंडाच्या टॅलेंट कपमध्ये सीबीआर १५० वर दोन वर्षं होता. रेस चेन्नईला नाहीतर कोइंबतूरला. मुंबईत ट्रॅक नाही. म्हणजे पोरगा सराव करणार कधी, तर रेसच्या आदल्या दिवशी. एरवी जिममध्ये आणि कल्याणच्या गो-कार्टवर. एकदा पडला, कॉलरबोन गेलं, आई म्हणाली बास. आता एका शोरूममध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर आहे. चांगला मुलगा आहे. गाडी आत घेताना नुसत्या आवाजावरून सांगतो चेन ढिली आहे म्हणून.

मेथीची_जुडी

आणि इकडे रात्री दोनला आमच्या रेक्लमेशनला पोरं सायलेन्सर काढून बोंबलत जातात त्यांना कोणी चेन्नईला पाठवा ना.

चौथा_गिअर

मेथीताई, वरती एक आयडी आहे, त्याच्याशी बोला.

सायलेन्सर_काढलेला

मी अंधेरीचा आहे. आणि माझी अॅक्टिव्हा आहे.

भांडुपचा_वाघ

हाहाहाहा संपला धागा.

डबल क्लच दादा, एक सुचवतो. ती हेरेझची रेस पुन्हा बघू सगळे मिळून, एखाद्या रविवारी, माझ्याकडे मोठा टीव्ही आहे. भांडुप स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. टर्नरकाकांना मी लालबागहून घेऊन येतो.

डबल_क्लच

चालेल, पण आंब्याच्या दिवसांतच, नाहीतर मजा नाही. आमरस आईकडून आणतो. आईने विचारलंय की रेस किती वेळाची, कारण पुऱ्या आधी तळल्या तर गार होतात आणि रेस चालू असताना तळल्या तर तिला बाइंडर दिसणार नाही.

निवृत्त_टर्नर

साधारण चाळीस मिनिटं. त्यांना सांगा कणीक मळून ठेवा, पुऱ्या मी लाटतो, टीव्ही दिसेल असं बसून.